एक माणूस जास्त

कृष्णातच्या धाकट्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न झालं ते साल दोन हजार एक्केचाळीस. लग्न वैशाखातलं, केळशेतात, शाळेपुढच्या पटांगणात. आदल्या संध्याकाळी वळीव पडला आणि घाटातला रस्ता लोण्यासारखा झाला. सकाळी नवरदेवाच्या माणसांना खालून, कसबा हरप्याहून वर आणायचं काम कृष्णातच्या जीपकडे होतं. नवऱ्या मुलाची आई मानानं पुढच्या सीटवर बसली होती. झऱ्याच्या वळणावर जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. माणसं उतरली, ढकलायला लागली. शेवटी विहीणबाईही उतरल्या, आणि उतरल्या त्या सरळ चिखलात.

त्यांनी पैठणीचा काठ नुसता वर धरला. मांडवात कृष्णातच्या वहिनीनं, शालनवैनीनं तांब्याभर पाणी आणून पैठणीवरचा डाग पुसायला घेतला, तर तो अजूनच पसरला. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा सगळं गाव अक्षता टाकत होतं आणि कृष्णात त्या डागाकडं बघत होता.

"आता तरी गाडी बदला," रात्रीची भांडी आवरताना त्याची बायको छाया म्हणाली. "लेक खाली दिलीय. ती माणसं पुन्हा येणार, जाणार. दरवेळी ढकलायला लावायचं का त्यांना?"

कृष्णात वडापवाला. केळशेत ते कसबा हरपे, घाटानं खाली आणि घाटानं वर, माणसं भरली की निघायचं, हाच त्याचा धंदा. जीप मुळात त्याची नव्हे, थोरल्या भावाची, आनंदाची. आनंदा गेला तेव्हा तेराव्याला शालनवैनीनं जीपची किल्ली आपल्या हातानं कृष्णातच्या हातावर ठेवली होती. बदल्यात तिनं काही मागितलं नाही. फक्त मंगळवारी, हरप्याच्या बाजाराला, पुढची डावीकडची सीट तिची. तूप आणि नाचणीचे पापड मांडीवर घेऊन ती तिथं बसायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण त्या जागेवर मंगळवारी दुसरं कुणी बसत नव्हतं.

जीप म्हातारी झाली होती. डिझेलच्या गाड्यांचे परवाने एकेक करून बंद होत होते. आज ना उद्या काहीतरी करावंच लागणार होतं. म्हणून जून लागायच्या आत कृष्णात आणि छाया कोल्हापूरला एका शोरूममध्ये गेले.

तिथं सानिका नावाच्या पोरीनं त्यांना एक गाडी दाखवली. फार मोठी नाही, फार लहान नाही, अशी मध्यम बांध्याची वॅगन. पाठीमागं सामानाला ऐसपैस जागा. चारही चाकांना आपापली वेगळी मोटार.

"म्हणजे एक चाक घसरलं तरी बाकीची तीन ओढतात," सानिका म्हणाली. "पण काका, खरी गंमत वेगळीच आहे. ही गाडी रस्त्याचं ऐकते."

"कशानं ऐकते?"

"चाकांनीच. तुम्ही कलिंगड घेताना काय करता?"

"टिचकी मारतो."

"तसंच. चाक फिरताना जमिनीला सारखा बारीक धक्का बसतो. तो धक्का खाली जातो आणि उलटा येतो. खालची माती घट्ट असली तर लगेच येतो. पाणी मुरून माती फुगली, आतून पोकळ झाली, तर उशिरा आणि मऊ येतो. मोटारीच्या विजेत तेवढ्यानंही बारीकसा फरक पडतो, आणि गाडी तो फरक मोजते."

"एका फेरीत कळतं सगळं?"

"नाही ना. एका फेरीत नुसता गोंगाट. रोज त्याच रस्त्यानं गेलं की गाडीला त्या रस्त्याचा नेहमीचा आवाज पाठ होतो. मग एके दिवशी तो आवाज बदलला की ती ओळखते. दरड सुटायच्या कितीतरी आधी. आणि तुमच्या एकट्याला नाही, सगळ्या गावाच्या फोनवर येतं. शांत, सावध, नाहीतर बंद."

छायानं कृष्णातकडं बघितलं. केळशेतातल्या माणसाला दरडीविषयी वेगळं सांगावं लागत नाही.

कंपनीला डोंगरातल्या रस्त्यांचे आवाज हवे होते आणि तिथं असली गाडी कुणी नेत नव्हतं. म्हणून त्यांनी सवलत काढली होती. पावसाळाभर गाडी वापरून बघायची, दसऱ्याच्या सुमारास ठरवायचं. घ्यायची तर जुनी जीप त्यांना द्यायची. नाहीतर वॅगन परत.

कृष्णातनं सही केली. जीप वैनीच्या नवऱ्याची, तिला एकदा विचारावं, हे त्याच्या मनात आलं ते परतीच्या वाटेवर. मग म्हटलं, अजून कुठं घेतलीय.

केळशेतात पावसाळ्याची एक रीत होती. कुठल्याशा जुन्या सालात झऱ्याच्या वळणावर दरड कोसळून माणसं गेली होती, तेव्हापासूनची. पाऊस लागला की रोज एका घरानं पाळीनं सकाळी वळणापर्यंत चालत जायचं आणि झऱ्याचं पाणी बघायचं. पाणी निवळ आणि वाहतं असलं तर येताना निरगुडीची डहाळी तोडून आणायची आणि स्टँडवरच्या खांबाला खोचायची. पाणी गढूळ झालं, किंवा झरा एकाएकी आटला, तर डहाळी लावायची नाही. खांबाला ताजी डहाळी नसली तर गाडी घाटात उतरत नसे. मग आजारी माणूस असो की परीक्षेची पोरं असोत.

वॅगन आली आणि पहिल्या पंधरवड्यातच रस्त्याचा आवाज तिला पाठ झाला. गावाच्या फोनवर रोज सकाळी हिरव्या अक्षरात 'शांत' यायला लागलं. आषाढात एकदा 'सावध' आलं. कृष्णातनं गाडी काढली नाही. दुपारी वळणावर बैलाएवढा धोंडा येऊन पडला. त्या दिवसापासून गावानं गाडीला हात जोडले. आणि त्याच दिवसापासून डहाळीची पाळीही हळूहळू सुटली. पावसात भिजत कोण जाणार? पहिल्यांदा एका घरानं चुकवली, मग दुसऱ्या. खांबावरची शेवटची डहाळी तिथंच वाळून गेली.

शालनवैनी मात्र कुरकुरली. "पाळी मोडू नगासा. बघून आलं तर काय झिजतंय?"

"वैनी, तुम्ही बघता ते पाणी वरचं. ही आतलं बघते," कृष्णात म्हणाला. तेव्हा त्याला स्वतःचा मोठा अभिमान वाटला होता.

गाडीत एकच खोड होती. ती माणसं मोजायची. जीपमध्ये चौदा माणसं बसत, वर दोन मागं लोंबकळत. वॅगनमध्ये ड्रायव्हर सोडून सात. आठवा माणूस बसला की ती जागची हलायची नाही आणि गोड आवाजात म्हणायची, "एक माणूस जास्त आहे." ओझं वाढलं की चाकांना नीट ऐकू येत नाही, असं सानिकानं सांगितलं होतं.

स्टँडवर पहिले काही दिवस नुसती मजा झाली.

"आत्ती, तुम्हीच जास्त आहात बघा. उतरा."

"मी? अन् तुझं पोट न्हाई व्हय मोजलं तिनं?"

"गुरुजी उतरा की. तुमच्या पिशवीत पुस्तकं लई."

पण हसून माणूस कमी होत नाही. रोज कुणीतरी मागं राहायचंच. खाली जाऊन, चार्जिंग करून वर यायला दुपार व्हायची. शाळेच्या गुरुजींना उशीर चालायचा नाही. दवाखान्यात जाणाऱ्याला ठेवता यायचं नाही. दुधाची किटली थांबायची नाही.

पहिल्या मंगळवारी गाडीनं आवाज दिला तेव्हा सगळे एकमेकांकडं बघत बसले. कृष्णात समोर काचेकडं बघत होता. तो काहीच बोलला नाही. तेव्हा पुढच्या सीटवरची शालनवैनी पापडाची टोपली घेऊन खाली उतरली.

"जावा तुम्ही. मी दुपारच्यानं येते."

दुपारी ती खाली पोचली तेव्हा बाजार उठायला लागला होता. निम्मे पापड तिनं परत आणले.

दुसऱ्या मंगळवारी तेच झालं. तिसऱ्या मंगळवारी तर तिची वाट न बघताच पुढच्या सीटवर गुरुजी बसले, आणि कृष्णात त्यांना 'उठा' म्हणाला नाही. माणूस ठेवायचा तर कुणाला, हे त्याला कधी ठरवावंच लागलं नाही. बाकीचे भांडले असते. वैनी भांडत नव्हती. एवढंच कारण होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पहाटे लवकर उठून दोन खेपा करता आल्या असत्या. बॅटरी तेवढी पुरत होती. पण लोकांना त्यानं सांगितलं, बॅटरी पुरत नाही.

गणपती बसायच्या आधीच्या मंगळवारी पाऊस लागून होता. गाडीनं आवाज दिला. वैनी डोक्यावर इरलं घेऊन बाहेरच उभी होती, ती आत बसलीच नव्हती. गाडी तिच्याशिवायच आठवर गेली होती. कृष्णातनं सवयीनं तिच्याकडं बघितलं, जणू तिनं काहीतरी करावं.

ती खिडकीजवळ आली. हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "किस्ना, गाडी म्हणती एक माणूस जास्त. कोण जास्त ते काय गाडी सांगत न्हाई. ते दरवेळी मीच कशी रं?"

कृष्णातनं नजर काढून घेतली. मागच्या सीटवरचं एक पोरगं स्वतःहून उतरलं, गाडी सुरू झाली. आरशात वैनी स्टँडवर उभी दिसत होती. वळण आलं तशी दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. वैनी या घरात नवरी होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आई नव्हती. शाळेत जाताना डबा द्यायची ती हीच. तापात उशाशी बसायची ती हीच. तिच्याच नवऱ्याच्या जीपवर त्याचा संसार उभा राहिला, आणि आता ती जीप द्यायची का, हे तिला विचारायलाही त्याची जीभ उचलत नव्हती.

दसरा जवळ आला. शोरूममधून फोन यायला लागले. घ्यायची की परत करायची?

"घ्या," छाया म्हणाली. "विहीणबाई परवा येऊन गेल्या. एक शिंतोडा उडला नाही. माझी मान वर झाली."

"वैनीला जागा मिळत नाही."

"मग वैनींना जागा द्या. त्यात गाडीचा काय दोष?"

कृष्णातला हे पटलं, आणि म्हणूनच त्याला राग आला. जागा द्यायची तर रोज कुणाला तरी तोंडावर नाही म्हणायचं. वाईटपणा घ्यायचा. त्यापेक्षा गाडीच नको. जीपमध्ये सगळे मावतात, कुणाला उतरवावं लागत नाही, आपण सगळ्यांचे चांगले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो कुणालाही न सांगता वॅगन घेऊन कोल्हापूरला गेला आणि किल्ली सानिकाच्या टेबलावर ठेवली.

तिनं कारण विचारलं नाही. पण शोरूमच्या बाहेर येऊन त्याला थांबवलं.

"काका, एक ध्यानात ठेवा. त्या घाटात ऐकणारी ही एकच गाडी होती. आता कुणी ऐकत नाही. पण फोनवर शेवटचं जे आलंय ते तसंच दिसत राहील. खाली बारीक अक्षरात तारीख असते, पण ती कोण बघतं? आम्ही वर कळवलंय, अजून सुधारलं नाही. गावाला आजच सांगा, फोनवर जाऊ नका म्हणून."

"सांगतो की," कृष्णात म्हणाला.

आणि त्याला सांगायचंच होतं. एसटीनं हरप्याला उतरला, पावसाळाभर तिथं लावून ठेवलेली जीप घेऊन वर आला, तर स्टँडवर माणसं जमलेली.

"आरं, आपली म्हातारी परत आली!"

"वॅगन कुठाय?"

"दिली परत," कृष्णात म्हणाला. "वैनीला बसायला मिळत नव्हतं. माझ्या वैनीपेक्षा गाडी मोठी न्हाई."

माणसं जवळ सरकली. मग एका म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असा दीर मिळायला भाग्य लागतं बाबा." कुणीतरी चहा सांगितला. आता त्या चहात कसं सांगायचं, की मी गाडी परत केली आणि तिच्याबरोबर तुमची राखणही परत केली? उद्यापासून पुन्हा पावसात चालत पाणी बघायला जा? उद्या सांगू, असं तो मनात म्हणाला. उद्या दसरा होता. सणाच्या दिवशी नको, असं म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशी पाऊस उघडला होता, तेव्हा घाई वाटली नाही.

वैनीला मात्र तो सोनं द्यायला गेला. आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवून पायाला हात लावला.

"माझ्यासाठी परत केलीस म्हणं," ती म्हणाली.

"व्हय वैनी."

"मला गाडी नको कधी झाली हुती? गाडी गुणाची हुती. मला जागा हवी हुती रं, किस्ना." मग त्याचा चेहरा बघून तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली. "जाऊ दे. मंगळवारी येते मी. पुढं बसंन."

सोमवारी संध्याकाळपासून परतीचा पाऊस धरला. रात्रभर पडला. मंगळवारी सकाळी ओसरला, तेव्हा स्टँडवर जीप भरली. चौदा माणसं, तुपाचे डबे, दोन कोंबड्या. पुढं डावीकडं शालनवैनी, मांडीवर टोपली. आज तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

कृष्णातनं किल्ली फिरवली. वैनीची नजर खांबाकडं गेली.

"डहाळी न्हाई रं."

सगळी जीप ऐकत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आता कसली डहाळी वैनी? फोन बघा की."

"फोन काय म्हणतोय किस्ना?" तिनं विचारलं. इतरांना नाही, त्याला.

त्याच्या खिशात फोन होता. त्यावर काय असणार हे त्याला माहीत होतं आणि ते खरं नाही हेही माहीत होतं. थांबा, मी वळणापर्यंत जाऊन पाणी बघून येतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, का? फोनला काय झालं? आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. चौदा माणसांपुढं, तिच्यापुढं.

त्यानं फोन काढून तिच्यापुढं धरला. हिरवी अक्षरं होती. तिला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नव्हतं, पण रंग दिसला.

"शांत म्हणतोय," कृष्णात म्हणाला.

"मग चल," वैनी म्हणाली.

झऱ्याच्या वळणावर त्यानं गाडी हळू केली. झऱ्याच्या जागी पाणी नव्हतं. रात्रभर पाऊस पडूनही कातळ नुसता ओला होता. ते त्याला दिसलं, त्यानं ब्रेकवर पाय दिला, आणि डावीकडून डोंगर आला. फार मोठी दरड नव्हती. माती, दोन झाडं, आणि एक धोंडा. धोंडा जीपच्या पुढच्या डाव्या दारावर बसला. मागच्या माणसांचे हातपाय मोडले, डोकी फुटली, कोंबड्या उडून गेल्या. कृष्णातच्या उजव्या कानशिलावर काच लागली. त्याच्या मांडीवर पापड येऊन पडले होते.

गाव त्याला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मातीला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, बिचाऱ्यानं हिच्यासाठी गाडी परत केली आणि बघा कसं झालं. तेराव्याला तोच म्हातारा पुन्हा म्हणाला, "दीर म्हणून काय कमी केलं नाहीस तू." कृष्णात मान खाली घालून ऐकत राहिला. आपण दोन वेळा गप्प बसलो आणि तिसऱ्या वेळी बोललो ते खोटं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. त्यानं ते एकट्या छायाला सांगितलं. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुमच्या फोनवरची तारीख मी बघितली होती, मातीला जायच्या आधी." तेव्हापासून घरात दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं.

दिवाळीनंतर कृष्णात कोल्हापूरला गेला आणि वॅगन घेऊन आला. या वेळी विकत. जीप द्यायचा प्रश्न उरला नव्हता.

आता त्या घाटात ती गाडी रोज चालते आणि रोज ऐकते. तरी पावसाळ्यात सकाळी कृष्णात एकटा वळणापर्यंत चालत जातो, पाणी बघतो आणि खांबाला डहाळी खोचतो. पोरं हसतात. "काका, एवढी शहाणी गाडी घेतली आणि पाला कशाला लावता?" तो डहाळी सरळ करतो. गाडीनं सांगितलेलं आणि झऱ्यानं सांगितलेलं, दोन्ही जुळल्याशिवाय तो किल्ली फिरवत नाही.

गाडी अजूनही म्हणते, "एक माणूस जास्त आहे." पण आता कृष्णात समोरच्या काचेकडं बघत बसत नाही. खाली उतरतो, दार उघडतो आणि ज्याला ठेवायचं त्याच्या डोळ्यांत बघून सांगतो, "गुरुजी, आज तुम्हाला ठेवतोय. गाडी नव्हं, मी ठेवतोय. तासाभरात न्यायला येतो." लोक चिडतात, शिव्या देतात. तो ऐकून घेतो, आणि तासाभरात येतो. बॅटरी पुरते.

शालन आनंदा शेळके, राहणार केळशेत, हरप्याच्या घाटात झऱ्याच्या वळणावर मंगळवारी, आठ ऑक्टोबर दोन हजार एक्केचाळीस रोजी सकाळी वारली. जीपमधल्या बाकी माणसांपैकी कुणी गेलं नाही.